परक्या मांडीवरचे बाळ

राजघराण्यांच्या बखरींतून आणि दफ्तरांतून मुलांच्या जन्मतिथी सापडतात, पत्रिका सापडतात, बारशाचे खर्चही सापडतात. परंतु त्या मुलांना ज्यांनी न्हाऊमाखू घातले आणि रात्र-रात्र जागून ज्यांनी पाळण्याची दोरी ओढली, त्या स्त्रियांची नावे मात्र क्वचितच हाती लागतात. संभाजीराजांना आपले दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊ गाडे हिचे नाव टिकले, ते राजपुत्राच्या थोरवीमुळे.

नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातही प्रकार निराळा नव्हता. 1818 साली दहा-अकरा वर्षांचा बाजीबा तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसला, तेव्हा मुलखाचा कारभार इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सने आपल्या हाती घेतला आणि त्या अज्ञान राजाची व वाड्याच्या खासगीची देखरेख दुसऱ्या रघूजीची विधवा राणी बांकाबाई हिच्याकडे सोपविली. मुलूख एकाच्या ताब्यात आणि मूल दुसरीच्या, अशी ही वाटणी. तीत बांकाबाईचे नाव इतिहासाला ठाऊक आहे, पण त्या मुलाला प्रत्यक्ष जेवू घालणाऱ्या नि झोपविणाऱ्या दासींचे नाही.

वाड्याबाहेरच्या नागपुरात, महालात काय नि इतवारीत काय, हे काम दाईचे. प्रसूतीच्या वेळी ती येई आणि पुढे सव्वा महिना बाळ-बाळंतिणीचा देह तिच्याच स्वाधीन असे. पाय लांब करून ती पाटावर बसे, बाळाला नडगीवर पालथे घाली, कोमट तिळाच्या तेलाने त्याची पाठ, खांदे, सांधे एका ठराविक क्रमाने चोळी आणि मग टाळूवर तेल जिरवी. त्या वेळी तिच्या तळहाताचा दाब इतका मोजका असे, की रडणारे मूल आंघोळ संपताना तिच्या पायांवरच पेंगू लागे. त्यानंतर ओवा-वेखंडाची धुरी, मग बाळंत्यात घट्ट गुंडाळणे, मग गुटी. गुटीचे प्रमाण वजनावर नसून सहाणेवरच्या वेढ्यांवर असे: बाळहिरडा, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, सुंठ यांचा लहानग्याला एकेकच वेढा, आणि वय वाढेल तसे वेढे वाढत, त्यातही जायफळ फार उगाळू नये, मूल गुंगते, हे तिला पक्के ठाऊक. वैशाखात, दारावरच्या वाळ्याच्या तट्ट्या तासाभरात कोरड्या पडत अशा दिवसांत, तिची आंघोळ सकाळी लवकर उरके आणि धुरी आखडती होई. हे ज्ञान कोणत्याही ग्रंथात नव्हते. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे ते हातानेच जाई.

त्या हातांचा गौरव करताना एक गोष्ट लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. नाळ कापण्यासाठी जे हत्यार घरात हाताशी असेल ते चाले, पहिला चीक अपवित्र मानून टाकून दिला जाई, आणि हवा लागू नये म्हणून खोलीची कवाडे मिटून शेगडी धुमसत ठेवली जाई. धनुर्वाताने दगावलेल्या बालकांचे खापर मात्र सटवाईच्या माथी फुटे. शिवाय सोयराचा विटाळ मानणाऱ्या समाजाने हे काम बहुधा ज्यांना अस्पृश्य लेखले त्यांच्याच स्त्रियांवर टाकले होते. ज्या बाईच्या मांडीवर घरचा वंश पहिले दिवस काढी, तिलाच ते दिवस सरताच ओसरीच्या खाली उभे राहावे लागे, ह्यातील विसंगती त्या घरांना जाणवली असेल असे वाटत नाही.

1885 साली स्थापन झालेल्या लेडी डफरिन फंडातून नागपुरात स्त्रियांसाठी इस्पितळ उभे राहिले, आणि त्याच डफरिन इस्पितळात कमलाबाई होस्पेट या तरुण विधवेने परिचर्येचे व प्रसूतिकर्माचे शिक्षण घेतले. 1896 साली जन्मलेल्या कमलाबाईंना ऐन पोरवयात वैधव्य आले होते. बारशाच्या पाळण्याला विधवेचा हात लागू नये असा ज्या काळाचा शिरस्ता, त्या काळात नवजात अर्भक प्रथम हाती घेण्याचा व्यवसाय एका विधवेने पत्करावा, आणि तोही विटाळाचा मानलेला, ह्यात दोन रूढींना एकदमच उत्तर होते. 1921 साली वेणूताई नेने यांच्यासह त्यांनी मातृसेवा संघ स्थापिला. आरंभी ते चार खाटांचे प्रसूतिगृह होते. पुढे त्याच्या शाखा ठिकठिकाणी पसरल्या, आणि 1961 साली कमलाताईंना पद्मश्री मिळाली. उकळलेली कात्री, ठराविक वेळी दूध, उघड्या खिडक्या ही नव्या परिचारिकेची शिस्त. नाळेच्या आणि चिकाच्या बाबतीत ती निःसंशय बरोबर होती. घड्याळ पाहून दूध पाजण्याच्या बाबतीत मात्र रडण्याचा सूर ओळखणारी दाईच अधिक शहाणी होती, असे मला वाटते, आणि आजचे बालवैद्यही मूल मागेल तेव्हा पाजा असेच सांगतात.

मध्यमवर्गाच्या घरी दाई की परिचारिका हा प्रश्न असताना, गिरणीत जाणाऱ्या बाईला दोन्ही नव्हत्या. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली, आणि सुताच्या लडी करण्याच्या, गुंडाळण्याच्या खात्यांत बायका कामाला लागल्या. त्यांचे तान्हे म्हातारीपाशी, नाहीतर सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. नागपूरची त्या काळची सर्वांत स्वस्त आया ही अशी परकरी पोर होती. तीही नसली तर अफूची बाळगोळी. तिने मूल दिवसभर निपचित पडे आणि आईची पाळी भरे. एम्प्रेस मिलने कामगार-स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघर चालविले, ह्याचे श्रेय तिला द्यावयास हवे. कारण सरकारचा हुकूम बऱ्याच उशिरा आला. मध्य प्रांताचा प्रसूति-लाभ कायदा 1930 चा. पन्नासांहून अधिक स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखून ठेवावयास लावण्याची मुभा प्रांतिक सरकारांना मिळाली ती 1934 च्या कारखाना कायद्याने. 1948 च्या कारखाना कायद्याने पाळणाघराची सक्तीच केली, आकडा तोच ठेवून.

1976 साली तो आकडा तिसांवर आणला गेला. पण तोवर देशभरच्या कापडगिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत-घटत नगण्य झाले होते, आणि त्यांच्यातल्या कितीजणी दुसऱ्यांच्या घरी भांडी घासून त्यांचीच मुले सांभाळू लागल्या होत्या. त्या घरांना कारखान्याचा कायदा लागू नव्हता, आणि तिथे जाताना आपले मूल कोणापाशी ठेवावे हे त्यांना विचारणारेही कोणी नव्हते.