सोनोग्राफी झाली, मग एमआरआय कशाला? स्वादुपिंडाच्या नळीची गोष्ट

तुमच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘स्वादुपिंडात गाठ’ असं आलंय आणि डॉक्टर आता एमआरआय करून या म्हणतात. शहापूरकरांसाठी म्हणजे आसनगावहून लोकल, मुरबाडकरांसाठी कल्याणची एसटी. दोघांचाही दिवसाचा रोज बुडतो. ‘एक तपासणी झाली ना, मग दुसरी कशाला?’ हा तुमचा प्रश्न रास्तच आहे.

स्वादुपिंड जठराच्या मागे, मणक्यापुढे लपलेलं असतं. पोट दाबून ते क्वचितच कळतं. १६४२ मध्ये इटलीतल्या पादुआ शहरात विरसुंग या शरीरशास्त्रज्ञाला फाशी दिलेल्या कैद्याच्या शवात या ग्रंथीतून जाणारी नळी दिसली. तिचं काम काय, ते त्याला उमगेना. त्याने तिचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलं, छापून इतर विद्वानांना पाठवलं आणि त्यांनाच विचारलं. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला.

पोट न फाडता ही नळी दिसायला १९६८ साल उजाडलं. तोंडावाटे दुर्बीण आतड्यात न्यायची, नळीत औषध सोडायचं आणि एक्सरे काढायचा. याला ईआरसीपी म्हणतात. त्यात नळी दिसे, पण कधी कधी त्यामुळेच स्वादुपिंडाला सूज येई. सोनोग्राफीत ही भीती नाही. मात्र आतड्यातला वायू मध्ये आला की स्वादुपिंड अर्धंमुर्धंच दिसतं.

१९७३ मध्ये लॉटरबर यांनी चुंबकाच्या मदतीने चित्र काढण्याची रीत मांडली. १९९१ मध्ये जर्मन डॉक्टरांनी त्याच रीतीने पित्तनलिका दाखवल्या आणि १९९४ मध्ये जपानी डॉक्टरांनी स्वादुपिंडाची नळी. हीच एमआरसीपी. यात साचलेला द्रव पांढरा उजळतो, बाकीचं काळं पडतं. चांदण्यात भातसाचं पाणी चमकतं आणि भोवतीचे डोंगर काळे दिसतात, तसंच. नळीत काही सोडावं लागत नाही.

म्हणून एमआरआय सांगतो की गाठ भरीव आहे की पाण्याची पिशवी, आणि पिशवी असेल तर ती नळीला जोडलेली आहे का. बऱ्याच पिशव्या निरुपद्रवी असतात, काहींवर वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागते, थोड्या काढाव्या लागतात. स्वादुपिंडातले खडे मात्र सीटी स्कॅनमध्येच चांगले दिसतात. एमआरआय सगळ्यालाच पुरतो असं नाही.

एका बाबतीत मात्र थांबू नका. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट, अंगाला खाज, आणि पोट दुखत नाही! स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ पित्ताची वाट अडवते तेव्हा असं होतं. आपल्याकडे अशा वेळी आधी काविळीची माळ घालतात. माळ लांबत जाते आणि शस्त्रक्रियेने गाठ काढता येण्याचे आठवडे निघून जातात.

एमआरआयला जाताना सोनोग्राफीचे आणि रक्ताचे जुने रिपोर्ट बरोबर न्या. पेसमेकर असेल किंवा डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर मशीनच्या खोलीत शिरण्याआधीच सांगा.