फोनच्या तारेतून आलेली वीज

आजची गोष्ट घोटीची. मी शाळेत होतो तेव्हा तिथं माझ्या मामाचं टायपिंग-झेरॉक्सचं छोटं दुकान होतं. कॉम्प्युटर कर्ज काढून घेतलेला. मे महिन्यातली संध्याकाळ, कळसूबाईच्या अंगाला आभाळ काळंभोर, गडगडाट सुरू. मामानं शहाण्यासारखं मशीन बंद केलं, प्लगसुद्धा काढला. सकाळी बघतो तर मशीन मुकं. मेकॅनिकनं उघडून दाखवलं: मोडेमचं कार्ड काळं पडलेलं, मदरबोर्ड गेलेला. प्लग काढला होता हो, पण टेलिफोनची वायर मोडेममध्ये तशीच होती! हप्ते मात्र पुढं दोन वर्षं चालू राहिले.

सगळे म्हणाले, नशीब. पण हे दुखणं मामाच्या कॉम्प्युटरपेक्षा दीडशे वर्षांनी जुनं आहे.

१८४०च्या दशकात अमेरिकेत प्रिन्स्टनला जोसेफ हेन्री नावाच्या प्राध्यापकानं आपल्या घराच्या पत्र्याच्या छपराला एक तार जोडली आणि ती खाली विहिरीत सोडली. मध्ये तारेचं वेटोळं, त्यात सुया. सात-आठ मैलांवर वीज चमकली तरी सुयांत चुंबकत्व यायचं! म्हणजे वीज आपल्या डोक्यावरच पडायला हवी असं नाही. लांब तार असली की लांबच्या विजेचा झटकाही तिच्यातून घरात येतो.

मग लांबच लांब तारा उभारल्या कुणी? टेलिग्राफवाल्यांनी. आपल्याकडं हे काम केलं विल्यम ओशॉनेसीनं. हा मूळचा डॉक्टर, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. १८५५ मध्ये कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास यांना जोडणारी तारसेवा लोकांसाठी खुली झाली. त्यातल्या मुंबई आणि आग्र्याला जोडणारा रस्ता आजही घोटीवरून जातो. उघड्यावर शेकडो मैल लोखंडी तार आणि टोकाला नाजूक यंत्र. विजेला आणखी काय पाहिजे?

यावर जगभरच्या तारखात्यांनी काढलेला उपाय मला फार आवडतो. दोन पितळी पट्ट्या जवळजवळ चिकटवून बसवायच्या, मध्ये केसाएवढी फट. एक पट्टी तारेला, दुसरी जमिनीला. बॅटरीचा रोजचा प्रवाह ती फट ओलांडू शकत नाही, तो निमूट यंत्राकडं जातो. विजेचा दणका आला की तो फटीवरून उडी मारून सरळ जमिनीत. विजेला अडवायचं नाही, तिला सोपी वाट द्यायची.

तुमच्या स्पाइक बस्टरमध्ये हीच युक्ती आहे. फक्त पितळी पट्ट्यांऐवजी झिंक ऑक्साइडची चकती, व्हेरिस्टर. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी ही शोधली. नेहमीच्या २३० व्होल्टला ती गप्प बसते, दाब फार वाढला की वाट उघडते. पण दोन भानगडी आहेत. प्रत्येक झटक्यागणिक ती थोडी झिजते, त्यामुळं दहा वर्षं जुना बस्टर म्हणजे नुसता एक्स्टेन्शन बोर्ड समजा. आणि जमिनीत जायची वाट तिसऱ्या, जाड पिनमधून. भिंतीच्या सॉकेटला अर्थिंगच नसेल तर दणका जाणार कुठं? कित्येक जुन्या घरांत ते भोक नुसतं शोभेला असतं. वीज अगदी घरावरच पडली तर बस्टरही काही करू शकत नाही, हे पण ऐकून ठेवा.

आणि घोटीकरांनो, इगतपुरी तालुक्यात जुलै-ऑगस्टला पाऊस कोसळतो, पण विजांचा खरा हंगाम तो नव्हे. वळवाचे दिवस आणि परतीचा पाऊस, तेव्हा जपायचं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असेल तर जवळपास वीज पडत असल्याचा इशारा मिळतो. इशारा आला की सगळ्या वायरी काढा. सगळ्या म्हणजे सगळ्या, टीव्हीची केबलसुद्धा. आणि वादळ डोक्यावर आलंच असेल तर वायरीला हातच लावू नका.

तारसेवा १४ जुलै २०१३ ला बंद झाली. मामाच्या दुकानात आता फायबर आहे. काचेच्या धाग्यातून वीज येत नाही, खरंय. पण राउटरचा ॲडॉप्टर सॉकेटमध्येच खोचलेला असतो, आणि त्याच्या शेजारी चार्जिंगला लावलेला तुमचा फोन.