दस्ता, संगीन आणि काडतुसे: अमेरिकेतील १९९४ च्या शस्त्रबंदीचा इतिहास

अमेरिकेच्या संघीय सरकारने १३ सप्टेंबर १९९४ पासून दहा वर्षे ‘असॉल्ट वेपन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या बंदुकांच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली होती. या दहा वर्षांत सामूहिक गोळीबारांतील बळी खरोखर कमी झाले की नाहीत, हा प्रश्न बंदीची मुदत संपून वीस वर्षे उलटली तरी त्या देशात मिटलेला नाही. त्याचे एक मोठे कारण खुद्द कायद्याच्या घडणीत आहे. एकाच कायद्यात दोन निरनिराळ्या बंदी घातलेल्या होत्या. पहिली बंदुकीच्या बाह्य रूपावर होती आणि दुसरी तिच्यात एका वेळी किती काडतुसे मावतात यावर. सार्वजनिक वादात पहिलीचे नाव गाजले, पण माणसांच्या जगण्यामरण्याशी जवळचा संबंध दुसरीचा होता. या दोहोंचा इतिहास वेगळा करून पाहिल्याशिवाय त्या दशकाचा न्याय्य हिशेब मांडता येत नाही.

वादाच्या मुळाशी असलेली बंदूक अर्धस्वयंचलित आहे, म्हणजे तिचा चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, परंतु रिकामे कवच बाहेर टाकून पुढचे काडतूस नळीत चढवण्याचे काम ती स्वतःच करते, त्यामुळे चालवणाऱ्याला दर वेळी फक्त चाप ओढावा लागतो. चाप दाबून धरला असता गोळ्या सुटतच राहतात अशा पूर्ण स्वयंचलित बंदुकांवर अमेरिकेत १९३४ पासून कडक नोंदणी व कर होता, आणि १९८६ मध्ये अशा नव्या बंदुका नागरिकांना विकणेच थांबवण्यात आले. ‘आर्मालाइट’ या कंपनीत यूजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकात रचलेल्या एआर-१५ या रायफलीचे हक्क १९५९ मध्ये ‘कोल्ट’ने विकत घेतले, तिची स्वयंचलित आवृत्ती एम-१६ या नावाने व्हिएतनामच्या युद्धात गेली, तर अर्धस्वयंचलित आवृत्ती १९६० च्या दशकापासून नागरी बाजारात आली. मूळ पेटंटची मुदत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात संपल्यावर इतर कारखानेही तीच रचना बनवू लागले, आणि १९८० च्या दशकात चीनमधून आलेल्या एके-४७ धर्तीच्या स्वस्त रायफलींनी या बाजारात भर घातली.

कायद्याकडे नेणारी वाट कॅलिफोर्नियातून निघाली. स्टॉक्टन शहरातील एका प्राथमिक शाळेच्या मैदानावर १७ जानेवारी १९८९ रोजी एका हल्लेखोराने अशाच एके धर्तीच्या रायफलीतून काही मिनिटांत शंभराहून अधिक गोळ्या झाडल्या, त्यांत पाच मुले ठार झाली आणि सुमारे तीस जण जखमी झाले. मेलेली पाचही मुले आग्नेय आशियातील युद्धांपासून जीव वाचवून आलेल्या निर्वासित कुटुंबांतील होती, ही गोष्ट या इतिहासात फार थोड्या वेळा सांगितली जाते आणि ती सांगितली जायला हवी. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने रॉबर्टी-रूस कायदा करून देशातील पहिली राज्यपातळीवरील बंदी आणली, तर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांच्या सरकारने १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यातील एका तरतुदीचा आधार घेऊन ४३ प्रकारच्या परदेशी रायफलींची आयात थांबवली. शिकार वा नेमबाजी यांसारख्या खेळांसाठी योग्य नसलेली बंदूक आयात करता येणार नाही, अशी ती तरतूद होती. देशी कारखान्यांना मात्र ती लागू नव्हती, त्यामुळे परदेशी मालाची जागा देशी मालाने घेतली.

संघीय कायद्यासाठी पुढाकार घेतला तो कॅलिफोर्नियाच्या सिनेटर डायान फाइनस्टाइन यांनी. सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि नगरमंडळाचे सदस्य हार्वे मिल्क यांची १९७८ मध्ये नगरभवनातच गोळ्या घालून हत्या झाली, तेव्हा त्या नगरमंडळाच्या अध्यक्ष होत्या आणि त्या हत्येनंतर महापौरपद त्यांच्याकडे आले. त्याच शहरातील एका कार्यालयीन इमारतीत १ जुलै १९९३ रोजी आठ जण मारले गेले, त्यात टीईसी-डीसी९ ही अर्धस्वयंचलित पिस्तुले वापरलेली होती. फाइनस्टाइन यांची दुरुस्ती त्याच वर्षाच्या अखेरीस सिनेटने स्वीकारली, परंतु प्रतिनिधिगृहात ५ मे १९९४ रोजी ही बंदी २१६ विरुद्ध २१४ अशा निसटत्या मतांनी तरली. मतदानापूर्वी फोर्ड, कार्टर आणि रेगन या तीन माजी राष्ट्राध्यक्षांनी एकत्र पत्र लिहून बंदीला पाठिंबा दिला होता. त्यांपैकी दोघे रिपब्लिकन पक्षाचे होते आणि रेगन तर स्वतः गोळीबारातून वाचलेले होते. आज त्या पक्षाकडून असे पत्र निघेल याची कल्पनाही करणे कठीण आहे.

दोन मतांच्या या अंतराने कायद्याचे रूप ठरवले. मते मिळवण्यासाठी ज्या तडजोडी झाल्या त्यांतून कायद्याला दहा वर्षांची मुदत घालण्यात आली, म्हणजे संसदेने पुन्हा मंजुरी दिली नाही तर तो आपोआप रद्द व्हावा. सहाशेहून अधिक शिकारी व क्रीडा बंदुकांची नावे देऊन त्यांना स्पष्ट सूट देण्यात आली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कायदा लागू होण्यापूर्वी बनलेली प्रत्येक बंदूक व प्रत्येक मॅगझिन बाळगण्याची आणि विकण्याची मुभा कायम राहिली. त्या वेळी अशा सुमारे १५ लाख बंदुका खासगी हातांत होत्या, असा अंदाज होता. बंदी असलेल्या १९ प्रकारांची नावे कायद्यात होती, आणि त्यांखेरीज एक लक्षणांची कसोटी होती: मॅगझिन, म्हणजे काडतुसांनी भरलेली जी पेटी बंदुकीला बसवता येते, ती काढघाल करता येण्याजोगी असेल आणि शिवाय दुमडणारा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन लावण्याची खोबण, नळीच्या तोंडाशी उठणारी ज्वाळा झाकणारे नळकांडे किंवा ग्रेनेड फेकण्याची जोडणी यांपैकी किमान दोन गोष्टी असतील, तर ती रायफल निषिद्ध ठरे. यांतील एकही गोष्ट गोळीचा वेग वाढवत नाही, किंवा एका मिनिटात सुटणाऱ्या गोळ्यांची संख्याही वाढवत नाही.

कारखानदारांनी या कसोटीला जे उत्तर दिले ते अपेक्षितच होते. कोल्टने संगीनीची खोबण व ज्वाळा झाकणारे नळकांडे काढून तीच रायफल ‘मॅच टार्गेट’ या नावाने विकली. टीईसी-डीसी९ बनवणाऱ्या कंपनीने आपल्या पिस्तुलाला किरकोळ बदलांसह एबी-१० असे नाव दिले, त्यातील दोन अक्षरे ‘आफ्टर बॅन’, म्हणजे बंदीनंतरचे, या शब्दांची होती. आतली यंत्रणा जशीच्या तशी राहिली. ज्या बंदुकांना सामान्य माणूस बंदी घातलेल्या बंदुका समजत होता, त्यांची बहीणभावंडे दुकानात उघड मिळत होती, आणि कायद्याच्या विरोधकांनी पुढे ‘बंदीने काहीच झाले नाही’ असे म्हणताना याच वस्तुस्थितीवर बोट ठेवले. त्यांचे निरीक्षण खरे होते, पण निष्कर्ष अर्धाच होता, कारण कायद्याच्या दुसऱ्या भागाचा त्यात विचार नव्हता.

हा दुसरा भाग दहापेक्षा अधिक काडतुसे मावणाऱ्या नव्या मॅगझिनांवरील बंदीचा होता. मॅगझिन संपले की हल्लेखोराला ते काढून दुसरे बसवावे लागते, त्यात सेकंद-दोन सेकंद का होईना खंड पडतो आणि त्या खंडात पळणारा पळू शकतो व झडप घालणारा झडप घालू शकतो. अ‍ॅरिझोनातील टूसॉन येथे ८ जानेवारी २०११ रोजी हल्लेखोराने पिस्तुलाला लावलेल्या ३३ काडतुसांच्या मॅगझिनातून गोळ्या झाडून सहा जणांना ठार केले, आणि दुसरे मॅगझिन बसवण्याच्या क्षणीच जमलेल्या लोकांनी त्याला जमिनीवर पाडले. तेथे हा क्षण दहा गोळ्यांनंतर आला असता तर किती जण वाचले असते, हे कोणी सिद्ध करू शकत नाही. पहिले मॅगझिन रिकामे होईपर्यंत तो आला नाही, एवढे मात्र निश्चित आहे. तरीही जुन्या मॅगझिनांना दिलेल्या मोकळिकीने या भागाचीही धार बोथट केली. बंदीपूर्व बनावटीची मोठी मॅगझिने देशात कोट्यवधींच्या संख्येने आधीच होती, आणि १९९५ ते २००० या काळात तशीच आणखी ४७ लाखांहून अधिक परदेशांतून कायदेशीर मार्गाने आयात झाली.

कायद्याच्या परिणामांचा अभ्यास सरकारने करून घ्यावा असे त्यातच लिहिलेले होते, आणि ते काम प्रामुख्याने गुन्हेशास्त्रज्ञ क्रिस्टोफर कोपर यांच्याकडे गेले. त्यांचा २००४ चा अहवाल दोन्ही बाजूंनी उद्धृत केला जातो. बंदीपूर्वी असॉल्ट वेपन प्रकारच्या बंदुका एकूण बंदूकगुन्ह्यांपैकी जेमतेम २ ते ८ टक्के गुन्ह्यांत वापरल्या जात होत्या, बंदीनंतर अभ्यासलेल्या शहरांत त्यांचा वाटा घटला, परंतु मोठ्या मॅगझिनांच्या वापरात तशी घट दिसली नाही, कारण जुना साठा संपलेलाच नव्हता; म्हणून एकूण बंदूकहिंसेवर मोजण्याजोगा परिणाम आढळत नाही, असे त्यांनी नोंदवले. हा प्रामाणिक निष्कर्ष होता, पण तो सर्व प्रकारच्या बंदूकगुन्ह्यांविषयी होता. अमेरिकेतील बहुसंख्य खून साध्या पिस्तुलांनी होतात, त्या ढिगात सामूहिक गोळीबारांतील बळी आकड्यांत अगदी थोडे असतात, आणि त्यांच्याविषयीचा प्रश्न स्वतंत्रपणेच विचारावा लागतो.

तो स्वतंत्रपणे विचारला गेला तेव्हा चित्र बदलले. बंदीच्या काळात सामूहिक गोळीबारात मृत्यू होण्याची शक्यता इतर काळाच्या तुलनेत सुमारे ७० टक्क्यांनी कमी होती, असे चार्ल्स डिमॅजिओ व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडले; त्याच वर्षी लुईस क्लॅरेव्हस, अँड्र्यू कॉनर आणि डेव्हिड हेमेन्वे यांनी १९९० ते २०१७ या काळातील सहा वा अधिक बळींच्या ६९ गोळीबारांचा अभ्यास करून दाखवले की मोठी मॅगझिने वापरलेल्या घटनांत सरासरी बळी ६२ टक्क्यांनी अधिक होते आणि ज्या राज्यांत अशा मॅगझिनांवर बंदी नव्हती तेथे अशा घटनांचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. यांपैकी पहिल्या अभ्यासावरील आक्षेप गंभीर आहेत. सामूहिक गोळीबार कशाला म्हणायचे, चार बळींना की तीन, घरातल्या घरात झालेले खून मोजायचे की नाहीत, यावर आकडे हलतात. घटना मुळात विरळ असल्याने लास व्हेगासमधल्यासारखा एकच मोठा गोळीबार संपूर्ण वर्षाची सरासरी उलटीपालटी करतो. आणि बंदीचे दशक हे अमेरिकेत एकूणच गुन्हेगारी घटण्याचे दशक होते. रँड कॉर्पोरेशन या संशोधनसंस्थेने सर्व संशोधनाची छाननी करून असॉल्ट वेपन बंदीविषयीचा पुरावा अनिर्णायक ठरवला, तो याच कारणांनी. त्यात भर अशी की १९९६ पासून संसदेने रोगनियंत्रण केंद्राच्या निधीतून बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करण्यास मनाई केली, तिच्या धाकाने ते केंद्र या संशोधनापासून दोन दशकांहून अधिक काळ जवळजवळ दूरच राहिले. पुरावा अपुरा आहे असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनीच तो गोळा होऊ दिला नव्हता, हे या इतिहासातील सर्वांत संतापजनक प्रकरण आहे.

घटनांकडे पाहिले तर दोन्ही बाजूंची उदाहरणे मिळतात. कोलंबाइन शाळेत १९९९ मध्ये बंदी लागू असतानाच तेरा जण मारले गेले, आणि तेथील एक रायफल दहा काडतुसांच्या कायदेशीर मॅगझिनांवर चालणारी होती. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी ३२ जण मेले, त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती, आणि हल्लेखोराकडे केवळ दोन पिस्तुले होती. उलट कनेक्टिकटमधील सँडी हूक शाळेत १४ डिसेंबर २०१२ रोजी वीस बालके व सहा प्रौढ मारले गेले, तेथे ३० काडतुसांच्या मॅगझिनांतून पाच मिनिटांहून कमी वेळात १५० हून अधिक गोळ्या सुटल्या. त्या राज्यात १९९३ पासून बंदी होतीच आणि तिच्यात लक्षणांची कसोटीही होती, पण ती विशिष्ट रायफल त्या कसोटीत अडकत नव्हती. दस्ता आणि संगीन मोजणाऱ्या कायद्याचे अपयश याहून स्पष्टपणे कोठे दिसले नसेल.

यंत्रणेलाच हात घालणारा कायदा कसा असतो, हे ऑस्ट्रेलियाने दाखवले. टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे २८ एप्रिल १९९६ रोजी ३५ जण मारले गेल्यावर अवघ्या बारा दिवसांत, म्हणजे १० मे रोजी, पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी सर्व राज्यांना एका राष्ट्रीय करारावर आणले. त्यात बंदुकीच्या मुठीचा आकार विचारला नव्हता. अर्धस्वयंचलित रायफली व शॉटगनच सर्वसाधारण नागरिकांना निषिद्ध झाल्या, स्वसंरक्षण हे परवान्याचे कारण मानण्यास नकार देण्यात आला, आणि आरोग्यविम्याच्या करात एका वर्षापुरती ०.२ टक्क्यांची वाढ करून उभारलेल्या पैशातून सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका भरपाई देऊन परत घेतल्या व वितळवल्या. आधीच्या १८ वर्षांत पाच वा अधिक बळींचे १३ गोळीबार झाले होते. पुढच्या दशकात एकही झाला नाही. न्यूझीलंडमध्येही बंदी नसताना १९९७ नंतर असे गोळीबार झाले नव्हते, म्हणून ऑस्ट्रेलियातील बदलाचे श्रेय बंदीला देता येत नाही, असा युक्तिवाद २०११ मध्ये काही संशोधकांनी केला. न्यूझीलंडमध्ये अर्धस्वयंचलित रायफली मिळतच राहिल्या, आणि १५ मार्च २०१९ रोजी ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत एका ऑस्ट्रेलियन नागरिकाने न्यूझीलंडमध्ये मिळवलेल्या अशाच रायफलींनी ५१ जणांना ठार केले. महिनाभराच्या आत तेथील संसदेने ११९ विरुद्ध १ मताने त्यांवर बंदी आणली.

अमेरिकेत २ मार्च २००४ रोजी मुदतवाढीची दुरुस्ती सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी मान्य केली, पण ज्या विधेयकाला ती जोडली होती तेच पडले आणि बंदी सप्टेंबरमध्ये संपली. सँडी हूकनंतर फाइनस्टाइन यांनी आणलेल्या नव्या प्रस्तावाला एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये केवळ ४० मते मिळाली. जुलै २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने २१७ विरुद्ध २१३ मतांनी बंदीचे विधेयक मंजूर केले, पण सिनेटने ते मंजूर केले नाही. दरम्यान बंदूक उद्योगाच्या स्वतःच्याच अंदाजानुसार एआर व एके धर्तीच्या दोन कोटींहून अधिक रायफली नागरी हातांत पोहोचल्या आहेत. पुढे कधी बंदी आलीच, तर हा साठा सरकार भरपाई देऊन परत घेणार की १९९४ प्रमाणे जागच्या जागी राहू देणार, यावर तिचे फळ अवलंबून राहील. आजवर संसदेपुढे आलेल्या मसुद्यांनी जुन्या मालकांना हात न लावण्याचीच वाट धरली आहे.