संवादाचे सूत्र होताना

‘लीळाचरित्रा’ला मराठीतील आद्य गद्यचरित्र म्हणण्याची आपल्या वाङ्मयेतिहासाची सवय जुनी आहे. या वर्गीकरणामुळे एक गोष्ट झाकली जाते : ही संहिता मुळात विचारपूस करून घडली आहे. इ. स. १२७४ च्या सुमारास चक्रधरांनी उत्तरापंथे गमन केल्यावर म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांना व इतर शिष्यांना विचारून एकेक आठवण टिपली. संस्कृत शास्त्रांत मुरलेल्या या पंडिताने स्वतःचे भाष्य न रचता इतरांचे बोलणे लिहून ठेवावे, याचे महत्त्व पुरेसे जोखले गेलेले नाही.

लीळेतील चक्रधर सहसा कोणाशी तरी बोलत असतात. कोणी विचारते, कोणी रुसते, कोणी चुकते. त्यावर ते बोलतात. महदाइसेसारखी चिकित्सक शिष्या समोर असली की एका प्रश्नातून दुसरा निघतो. (आपल्या पाठ्यपुस्तकांत ती केवळ ‘धवळ्यां’ची कवयित्री उरली, हे नवलच.) पुढे केसोबासांनी चक्रधरांच्या वचनांचा ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. वचन राहिले, विचारणारी व्यक्ती गळून पडली. एकाला, एका वेळी दिलेले उत्तर सर्वांसाठी आज्ञा झाले.

ही हानी खुद्द पंथाला जाणवली असावी. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून उच्चारले हे सांगणारा ‘प्रकरणवश’ हा टीकाप्रकार निर्माण होण्याचे दुसरे सबळ कारण दिसत नाही. आपले अभ्यासक मात्र चक्रधरांचे स्त्रीविषयक वा संन्यासविषयक विचार मांडताना बहुधा सूत्रेच उद्धृत करतात. त्या वेळी समोर कोण बसले होते, हे पाहत नाहीत.