वागळे इस्टेटचा धर्मग्राम : काही ऐतिहासिक नोंदी

ठाण्याच्या ख्रिस्ती इतिहासाचा विषय निघाला की बोलणारे मासुंदा तलावाजवळच्या संत जॉन बाप्टिस्ट चर्चपाशीच थांबतात. वागळे इस्टेटमधील संत लॉरेन्स चर्चचे नाव त्या ओघात क्वचितच येते. कारखान्यांच्या वस्तीला कसला आला इतिहास, असा त्यामागचा भाव असतो. तो मला मान्य नाही.

ठाण्याच्या ख्रिस्ती परंपरेचे पहिले ठळक पान परक्या पाहुण्यांचे आहे. इ. स. 1321 मध्ये तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस हे चौघे फ्रान्सिस्कन बंधू ठाण्यास आले. येथे नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असे प्रवासी भिक्षू ओदोरिक यांनी लिहून ठेवले आहे. त्यांपैकी एका घरी हे पाहुणे उतरले. घरधन्याने बायकोला मारहाण केली. ती काझीकडे गेली. साक्षीदार म्हणून तिने पाहुण्यांची नावे सांगितली. घरगुती भांडणातून प्रकरण धर्मवादावर गेले आणि 9 एप्रिलला तिघांचा वध झाला. सामान राखत मागे राहिलेल्या पीटर यांचा वध 11 एप्रिलला झाला. दोमिनिकन धर्मगुरू जॉर्डन यांनी त्यांचे देह पुरले आणि पुढे ओदोरिक यांनी त्यांच्या अस्थी चीनमधील झैतून बंदरापर्यंत नेल्या.

1534 च्या तहाने वसईसह साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. (फादर स्टीफन्स यांचे 1616 साली छापलेले ख्रिस्तपुराण ज्या साष्टीशी निगडित आहे ती गोव्याची; ही नव्हे.) 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, 1739 मध्ये वसई पडली. युरोपीय संन्यासी निघून गेले आणि देशी धर्मगुरूंनी भाविकांना सांभाळले. आपल्या लेखनात या देशी धर्मगुरूंचा उल्लेख नेहमी एका वाक्यात आटोपतो, याची खंत वाटते. 1774 मध्ये इंग्रज आले.

1 ऑगस्ट 1962 रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत. रस्त्यांना नावांऐवजी क्रमांक मिळाले. किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर या वस्त्या भरत गेल्या. गोवा, मंगळूर, केरळ, तामिळनाडू, वसई आणि देशावरून आलेली कॅथोलिक कुटुंबे येथे शेजारी झाली. रोमचे डीकन संत लॉरेन्स यांना 258 साली अधिकाऱ्यांनी चर्चचा खजिना मागितला, तेव्हा त्यांनी गोरगरिबांना पुढे उभे केले, अशी परंपरा सांगते. कामगारांच्या वस्तीला याहून उचित आश्रयदाता संत मिळाला नसता.

अशा मिश्र धर्मग्रामात भाषेचा प्रश्न अटळ असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषांना वेदीपाशी वाट करून दिली. पण 'लोकभाषा' म्हणजे कोणाची? कोंकणी, तमिळ, मल्याळी भाविकांची सामाईक भाषा म्हणून इंग्रजी पुढे सरसावते आणि मराठी मिस्सा एखाद्या वेळेपुरती उरते. इंग्रजी सोयीची आहे, हे खरे. मात्र ज्या आजीला इंग्रजी प्रवचन कळत नाही, तिने ख्रिस्तमंदिरात नुसते बसून राहावे काय? साष्टीच्या मूळ भाविकांची बोलीही मराठीचीच आहे.

पुढे अनेक कारखाने बंद पडले आणि त्यांच्या जागी संगणक क्षेत्रातील कार्यालये उभी राहिली. कामगारांची मुले कळवा, डोंबिवली, बदलापूरकडे गेली. अशा पांगलेल्या धर्मग्रामाचा इतिहास शोधायचा तर बाप्तिस्म्याची नोंदवही उघडावी. चर्चच्या नियमानुसार विवाह कोठेही झाला तरी त्याची सूचना बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामास पाठवली जाते आणि मूळ नोंदीच्या समासात ती लिहिली जाते. कोणाचे मूल कोठवर गेले, ते त्या समासातल्या बारीक अक्षरांत वाचायला मिळते.