‘सेबर’ची खरी किंमत

१/ १९७६ साली अमेरिकन एअरलाइन्सने आपली ‘सेबर’ ही संगणकीय आरक्षणप्रणाली ट्रॅव्हल एजंटांच्या मेजावर आणली. आयबीएमच्या साहाय्याने १९६०च्या दशकात उभारलेल्या या प्रणालीमुळे फोनवर ताटकळणे संपले.

२/ यंत्राचे भाडे करारात लिहिलेले असे. खरी किंमत मात्र पडद्यावर दडलेली होती. बहुतेक तिकिटे पहिल्याच पडद्यावरून विकली जात आणि तेथे मालक कंपनीची उड्डाणे अग्रस्थानी असत. प्रतिस्पर्ध्याचे सोयीचे विमानही मागे पडे. हा भुर्दंड प्रवाशाच्या माथी येई.

३/ अखेर १९८४ मध्ये सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाने हा पक्षपात निषिद्ध ठरवला.

४/ म्हणून सॉफ्टवेअरचे शुल्क विचारताना हेही विचारावे : यादीचा क्रम कोण लावतो?