धमन्यांचे आरोग्य व स्नायुबल (उतारवयातील)

उतारवयात धमन्यांचा लवचीकपणा आणि स्नायूंची ताकद यांत आढळणारा परस्परसंबंध. वयपरत्वे दोन्ही बहुधा बरोबरीनेच उतरतात, म्हणून हातापायांतले बळ गेल्याची तक्रार ‘वय झालं’ म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे.

महाधमनीच्या भिंतीतील इलास्टिन वयानुसार झिजते आणि कोलॅजन वाढते. भिंत ताठ झाली की ठोक्याचा धक्का तिच्यात जिरत नाही. वरचा रक्तदाब चढतो, खालचा उतरू लागतो आणि धक्क्याची झळ बारीक रक्तवाहिन्यांना लागते. धमनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइडही कमी स्रवते. त्यामुळे कष्टाच्या वेळी किंवा जेवणानंतर स्नायूला लागणारे वाढीव रक्त पुरेसे मिळत नाही. उलट बाजूने, वापरात नसलेला स्नायू रक्तातली साखर कमी उचलतो आणि वाढलेली साखर धमन्यांना इजा करते. आधी काय बिघडते, हे प्रत्येक रुग्णात सांगता येत नाही.

भारतासह 17 देशांतील सुमारे 1,40,000 प्रौढांच्या ‘प्युअर’ अभ्यासात (2015) हाताची पकड दर 5 किलोंनी कमी असता हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त आढळला. मृत्यूचा अंदाज देण्यात पकड वरच्या रक्तदाबापेक्षाही सरस ठरली. आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019 च्या निकषानुसार पुरुषांत 28 व स्त्रियांत 18 किलोंपेक्षा कमी पकड क्षीण समजतात. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये केलेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत पंचेचाळिशीपुढील व्यक्तींची पकड आणि रक्तदाब दोन्ही मोजले गेले.

भारतीय शरीरयष्टीमुळे हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली. दोघांचा देहभार निर्देशांक 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. सडपातळ दिसणाऱ्या म्हाताऱ्या माणसातही स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, हे वजनकाटा दाखवत नाही.

कष्टाने कमावलेले बळही आपोआप टिकत नाही. उदाहरणार्थ, विदर्भातील वाशीम जिल्ह्यात शेती मुख्यतः सोयाबीन आणि तुरीची. निंदण, सोंगणी, ओझी वाहणे यांतून कमावलेले बळ शेतकाम सुटताच ओसरू लागते. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे 36 ते 40 टक्के प्रथिने असतात, परंतु पीक बाजार समितीत जाते आणि घरातल्या ताटात त्याला क्वचितच जागा मिळते. हे बदलायला हवे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. पातळ वरणाच्या वाटीने ती गरज भागत नाही.

तंबाखू आणि बिडी यांनी धमन्यांचे नुकसान वाढते. बांधावरून चालताना पोटरी दुखून येणे आणि थांबल्यावर काही मिनिटांत उतरणे, हे पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. पुष्कळदा ते थकवा किंवा वाताचे दुखणे समजून तेल चोळण्यावर भागवले जाते. घोट्याजवळचा वरचा रक्तदाब दंडावरच्या दाबाच्या 0.9 पट किंवा त्याहून कमी भरला, तर निदान पक्के धरतात. उपचारात तंबाखू सोडणे आणि औषधे यांबरोबर देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम येतो: दुखू लागेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे, असे आठवड्यातून तीनदा, निदान 12 आठवडे.